जेठातला स्वेटर

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. त्याला यायचंच होतं तर श्रावणात यावं, भाद्रपदात यावं, कुणी नको म्हटलं नसतं. पण यंदा आला तो ऐन जेठात, परभणीचं ऊन माणसाला बाहेर उभं राहू देत नाही आणि घरात बसू देत नाही, त्या दिवसांत. आणि हा महिना आला की जावयाला बोलावणं आलं, पुरणाचे धोंडे आले, वाण आलं. ते चुकवलं तर गाव काय म्हणेल? गावाचं जाऊ द्या, केवळाबाई काय म्हणेल!

केवळाबाई ही धोंडीबाची बायको. वालूरपासून जवळच ओढ्याकाठच्या वस्तीत दोघांचं घर. विटांच्या चार भिंती, वर पत्रे, मागच्या अंगाला मेंढरांचं वाडगं. धोंडीबानं सगळा जन्म मेंढरांमागं काढला होता, त्यामुळं माणसांशी बोलायची त्याला फारशी सवय नव्हती. त्याच्या वाटणीचंही केवळाबाईच बोलून टाकायची आणि तिनं ते काम कधी अर्धवट सोडलं नाही.

पुण्याहून लेकीचा फोन आला तेव्हाही तीच बोलली. चंदा म्हणाली, "माय, आमी धोंड्याला येतो. पण सकाळी यिऊन जेवतो अन् सांजच्या गाडीनं माघारी. तुज्या नातीला तिथलं सोसंना."

"एका दिसाचं कुठं माहेरपण असतं का गं?"

"गेल्या उन्हाळ्यात काय झालं, इसरलीस का?"

विसरायचं कसं? गेल्या उन्हाळ्यात छकुली तान्ही होती. पत्र्याखाली तिच्या अंगावर घामोळं उठलं आणि पोर रडून रडून निळी पडायची वेळ आली. जावई बिरदेव तोंडातून चकार शब्द न काढता पिशवी भरायला लागला. तो बोलला असता तर केवळाबाईनं चार शब्द ऐकून घेतले असते, नाहीतर चार ऐकवले असते. त्याचं ते गप्प राहणंच तिला लागलं होतं. तेव्हापासून चंदाचे पाय माहेराला लागले नव्हते.

फोन ठेवून केवळाबाई नवऱ्याला म्हणाली, "बगाच तुमी. यंदा घर असं गार करते की पोरगी महिनाभर हलायची न्हाई."

"कूलर आणावा का मग?" धोंडीबानं भीतभीत विचारलं.

"दुपारी लाईट जाती, टँकर येतो तवा येतो. कूलरला काय तुमचं रगत पाजू का?"

धोंडीबानं कूलरचा विषय सोडला. पण नात राहावी असं त्यालाही वाटत होतंच की. वाडग्यात एखादं कोकरू मांडीवर घेतलं की त्याला छकुलीच आठवायची. आता हे काय बायकोला सांगायचं? ती म्हणायची, नातीला मेंढराशेजारी बसवलंत!

दुसऱ्या दिवसापासून केवळाबाईनं पदर खोचला. आधी पत्र्यावर चुना. ऊन उलटून जावं म्हणून तिनं स्वतः शिडीवर चढून पांढराशुभ्र हात मारला आणि धोंडीबानं खाली शिडी धरली. चुना निम्मा पत्र्याला लागला, निम्मा धोंडीबाच्या टोपीला. मग खिडक्यांना पोत्यांचे पडदे, त्यांच्यावर पाणी मारायला एक फुटका तांब्या. जमीन शेणानं सारवून घेतली, माठाखाली वाळू टाकली. सगळ्यात मोठं काम म्हणजे छत. पत्र्याखाली बांबू आडवेतिडवे बांधून त्यांना तिनं आपल्या जुन्या साड्या ताणून शिवल्या. घरात मान वर केली की तिच्या संसाराची सगळी लुगडी एका रांगेत दिसायची. त्या छताचा तिला एवढा अभिमान वाटला की दोन दिवस ती वर बघूनच चालत होती. एकदा उंबऱ्याला ठेचकाळली तरी तक्रार केली नाही.

आणि मग तिची नजर कोपऱ्यातल्या पोत्यांवर गेली.

"ही घाण आधी भाईर काढा."

ती पोती लोकरीची होती. मागच्या दोन-तीन कातरण्यांची लोकर त्यांत कोंबून ठेवलेली. एके काळी घोंगडी विणणारे सणगर दारात येऊन बसायचे आणि धोंडीबाच्या बापाला "आमालाच द्या" म्हणून गळ घालायचे. आता घोंगडीच कुणी घेईना, तर लोकर कोण घेतंय! मेंढरांना उन्हाचं ओझं नको म्हणून कातरायचं आणि कातरलेलं घरात रचून ठेवायचं.

"न्हेऊन उकिरड्यावर टाका," केवळाबाई म्हणाली. "जावई आले की नाकाला रुमाल लावतील. समदं घर मेंढराचं वासायलंय."

त्या दिवशी ती गूळ आणि हरभऱ्याची डाळ आणायला वालूरच्या बाजाराला गेली. धोंडीबानं एकेक पोतं उकिरड्यापर्यंत नेलं. तिथं उभा राहिला. त्याचा बाप म्हणायचा, मेंढीनं अंगावरचं उतरून दिलेलं असतं, ते उकिरड्यावर टाकणाऱ्याचं कधी भलं होत नाही. धोंडीबाच्यानं हात उचलेना. शेवटी त्यानं ती पोती परत आणली आणि ठेवायची कुठं म्हणून घरभर बघितलं. केवळाबाई कुठंही हात घालणारी बाई. उतरंड, पेटी, चूल, वाडगं, तिच्यापासून काही लपायचं नाही. फक्त एका जागी ती पुन्हा हात घालणार नव्हती, ती म्हणजे तिनं स्वतः शिवलेलं छत.

त्यानं छताची एक शिवण उसवली, सगळी लोकर साड्यांच्या वर, बांबूंमधून हातानं नीट पसरली, वासाला म्हणून कडुलिंबाचा पाला टाकला आणि दाभणानं शिवण जशीच्या तशी बंद केली. केवळाबाई बाजारातून आली तेव्हा कोपरा स्वच्छ होता.

"टाकली का?"

"टाकली," धोंडीबा म्हणाला. कुठं ते तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

पण माणसाला अक्कल नेहमी काम झाल्यावर सुचते. भाकरीचा पहिला घास तोंडात घातला आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. लोकर म्हणजे ऊब! माघाच्या थंडीत ज्या घोंगडीत शिरलं की अंगाला घाम फुटतो, तीच ही लोकर. आणि आपण ती ऐन जेठात घरावर पांघरून बसलो! दुसरा घास धोंडीबानं तसाच ताटात ठेवला. काढावी म्हटलं तर आता केवळाबाई घरातून हलेना. ती पुरणाची तयारी करत बसली आणि हा छताकडं बघत बसला.

"छत आवडलं वाटतं," ती खूश होऊन म्हणाली.

त्यात आणखी एक पंचाईत. वास काही जाईना. केवळाबाई घरभर हुंगत फिरली, कोपरे पुन्हा सारवले आणि शेवटी न्यायनिवाडा करून मोकळी झाली. "लोकर गेली तरी वास हायेच. म्हंजे वास तुमचाच हाय."

"माजा?"

"मग काय माजा? जा, बोअरच्या हौदावर जाऊन आंघोळ करा."

"सकाळीच केली की गं."

"पुन्यांदा करा."

चोराला ओरडायची सोय नसते. धोंडीबानं सकाळी आंघोळ केली, दुपारी केली, दिवस मावळता पुन्हा केली. इतका स्वच्छ तो लग्नातही नव्हता. मेंढरंसुद्धा त्याला ओळखीनात.

ठरल्या दिवशी तो पाहुण्यांना आणायला देवगाव फाट्यावर गेला. बिरदेव एसटीतून उतरला तोच मुळी सांजच्या गाडीची चौकशी करत. चंदानं छकुलीला ओल्या फडक्यात गुंडाळलं होतं. रिक्षात बसल्यावर धोंडीबानं मनातल्या मनात देवाला हात जोडले. घराची भट्टी झाली असेल, पोर रडेल, पिशवी भरली जाईल आणि हे सगळं आपल्या हातानं झालेलं असेल.

सगळे घरात शिरले. बिरदेव उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, "मामी, कूलर घेतला का काय?"

"कशाचा कूलर!" केवळाबाई म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत तिनं वर्षभराचा राग धुऊन काढला.

घर गार होतं. रांजणातल्या पाण्यासारखं नाही, पण बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला "आहाहा" म्हणायला लावील इतकं नक्की. धोंडीबानं भिंतीला हात लावून बघितला, छताकडं बघितलं आणि काहीच न कळल्यामुळं खाली बसला. जेवणं झाली. जावयानं तुपात बुडवून धोंडे हाणले आणि सुपारी तोंडात घालेपर्यंत त्याला झोप लागली. छकुली पाळण्यात हातपाय पसरून झोपली. चंदा आईच्या मांडीवर डोकं ठेवून लवंडली. सांजची गाडी फाट्यावरून गेली तेव्हा घरात फक्त घोरण्याचा आवाज होता.

मग काय विचारता! केवळाबाईच्या चुन्याची कीर्ती गल्लीभर झाली. पाणी भरायला गेली की चुना, दळण न्यायला गेली की छत. आपण पत्र्याला किती हात मारले, साड्या कशा ताणल्या, पडदे कधी भिजवायचे, सगळं ती न विचारता सांगत होती. धोंडीबा बाजूला उभा राहून ऐकायचा, आणि ती म्हणायची, "यांनी काय केलं? शिडी धरली." तो मान हलवायचा. आंघोळी चालूच होत्या.

पाहुणा एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई आणि तिसऱ्या दिवशी राहिला तर त्याची अक्कल गेली, असं म्हणतात. बिरदेवाची अक्कल अशी गेली की त्यानं कंपनीत फोन करून सुट्टी वाढवून घेतली. ते ऐकून केवळाबाईला स्वर्ग दोन बोटं उरला. आणि नेमकं त्याच दुपारी शेजारची चांगुणाबाई घर बघायला आली.

चांगुणाबाईकडं कूलर होता. पाण्यावाचून तो चालत नसे, पण तिनं त्यावर रुमाल टाकून वर फुलदाणी ठेवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो कूलर आहे असं सांगत असे. ती आत आली, चारी बाजूंना बघून म्हणाली, "हाय गार. पण साडीचं छत किती दिस टिकायचं बाई? झोळ पडंल."

"झोळ?" केवळाबाईनं कोपऱ्यातली काठी उचलली. "आगं, ढोलासारखं ताणलंय. हे बघ!"

आणि तिनं काठीनं छताला खालून एक ठोसा दिला. धोंडीबा "आगं आगं" म्हणत उठला, पण उशीर झाला होता. जुनं लुगडं टर्रकन फाटलं आणि काळीभोर लोकर ढिगानं खाली आली. खाली बिरदेव झोपला होता. तो तोंडावरची लोकर बाजूला करत, शिंकत उठला. "मामी, वरून मेंढरू पडलं का काय?"

चांगुणाबाईनं आधी लोकरीकडं बघितलं, मग छताकडं, मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. "आगं बया! केवळे, जेठात घराला स्वेटर घातलास व्हय गं?" असं म्हणत ती बाहेर पडली, ती थेट गल्लीच्या टोकापर्यंत हसतच गेली.

केवळाबाई धोंडीबाकडं वळली. "उकिरड्यावर टाकली व्हती न्हवं?"

धोंडीबानं बापाचं नाव सांगितलं, मेंढीचं नाव सांगितलं, पण काही चाललं नाही. खरं म्हणजे त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. लोकर वर असून घर गार राहिलं की लोकरीमुळं राहिलं, हे त्याला कुणी सांगावं? केवळाबाईला मात्र काडीचीही शंका नव्हती. "लोकर ऊब धरती, हे शेंबडं पोर बी सांगंल. माजा चुना हाय म्हणून निभावलं. ही नसती तर समद्यांना हुडहुडी भरली असती. काढा भाईर, आत्ताच्या आत्ता!"

दिवस मावळायच्या आत छत रिकामं झालं. लोकरीची पोती कडुलिंबाखाली गेली, साडीला ठिगळ लागलं आणि केवळाबाई म्हणाली, "आता उद्या बगा माज्या चुन्याचा गुण."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बघितला. चुना होता, पडदे भिजलेले होते, जमीन सारवलेली होती. तरी ऊन डोक्यावर आलं तसं घर तापत गेलं. केवळाबाईनं पडद्यांवर पाणी मारलं, जमिनीवर मारलं, शेवटी स्वतःच्या डोक्यावर मारलं. छकुली आधी कुरकुरली, मग रडायला लागली, मग थांबेचना. तिच्या मानेवर लाल पुरळ दिसायला लागली.  चंदानं दोरीवरचे लेकराचे कपडे काढले आणि घड्या घालायला बसली. बिरदेव मोबाईलवर गाडीची वेळ बघत होता. तो काही बोलत नव्हता, अगदी गेल्या वर्षीसारखा.

धोंडीबा दारात बसून हे बघत होता. "बघ, काय म्हणत व्हतो मी," असं म्हणायची संधी त्याच्या सगळ्या संसारात पहिल्यांदा आली होती. पण पोर रडत होती आणि त्याचा जीव तुटत होता. तसल्या संधीला काय करायचंय? तो उठला, पोरीला खांद्यावर घेऊन अंगणात गेला, तिथंही झळा, म्हणून परत आत आला.

केवळाबाईनं त्या घड्यांकडं बघितलं. पिशवीकडं बघितलं. वर छताकडं बघितलं. धोंडीबाकडं तेवढं बघितलं नाही. मग ती डोक्यावर पदर घेऊन तशीच भर उन्हात बाहेर गेली, कडुलिंबाखालचं एक पोतं उचललं, डोक्यावर घेतलं आणि आत येऊन धपकन टाकलं. तिचं तोंड लाल झालं होतं, उन्हानं झालं की कशानं ते तिचं तिला माहीत.

"काय बघायलाव?" ती नवऱ्यावर खेकसली. "शिडी आणा. अन् दाभण कुठं ठिवलंय?"

धोंडीबा जो पळाला! बिरदेवही मोबाईल खिशात घालून उठला. "मामा, तुमी धरा, मी चढतो," म्हणाला. त्याचा आजा मेंढरं राखायचा, पण लोकरीला हात लागून त्याला स्वतःला कैक वर्षं झाली होती. तरी हात आपोआप चालले. खालून चंदा ओंजळी भरून देत होती, वर बिरदेव पसरत होता, केवळाबाई शिवत होती. घाम सगळ्यांच्या अंगातून निथळत होता आणि छकुलीला हा खेळ वाटला असावा, कारण ती रडायची थांबून नाकाला चिकटलेली लोकर ओढत बसली.

घर लगेच गार झालं असं कसं सांगू? तापलेलं घर निवायला रात्र जावी लागली. पण दुसऱ्या दुपारी पोर पाळण्यात गाढ झोपली आणि दोरीवर तिचे कपडे पुन्हा वाळत होते. त्याच संध्याकाळी पाणवठ्यावर केवळाबाई चांगुणाबाईला सांगत होती, "आगं, लोकर भाईरचं ऊन आत यिऊ दीत न्हाई. उन्हात मेंढके घोंगडी डोक्यावर घेत न्हाईत व्हय? मीच म्हणलं यांना, वर टाका म्हणून." धोंडीबा मागं घागर घेऊन उभा होता. त्यानं मान हलवली. निदान आता आंघोळ एकदाच पुरणार होती.

सुट्टी संपली तसा बिरदेव एकटाच निघाला. चंदा आणि छकुली महिना संपेपर्यंत राहणार, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. निघताना केवळाबाईनं तांब्याचं ताट, बत्तासे आणि कपडे पुढं केले. बिरदेव पाया पडला आणि तिथंच घुटमळला.

"मामी, रागावणार नसाल तर एक मागू का? मला वाणाला ताट नको. लोकरीचं एक पोतं द्या. आमची खोली वरच्या मजल्यावर हाय, लय तापती."

 किती वर्षांनी धोंडीबाच्या दारात उभं राहून कुणीतरी लोकर मागत होतं! त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "न्या की!" तो म्हणाला. "एक कशाला, दोन..."

"न्हाई मिळायची," केवळाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिनं कमरेवर हात ठेवले होते.

"ताट न्या, धोतर न्या, पाहिजे तर हे म्हातारं न्या. लोकरीला हात लावायचा न्हाई. माज्या नातीच्या डोक्यावरची हाय ती." मग जावयाचं पडलेलं तोंड बघून तिचा आवाज जरा उतरला. "दिवाळीला कातरणी असती. तवा या, लेकराला अन् पोरीला घिऊन. चार दिस ऱ्हावा, मामाला कातरू लागा, मग न्या पोतं. पर एका पोत्यात खोली गार व्हायची न्हाई, आधीच सांगते. दरसाली यावं लागंल."